पाऊस एकच, ताप गावागावचा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना आरोळी उठते, 'इडापिडा, रोगराई, खांशी-खोकला घेऊन जा गे मारबत!' आरोळीने रोगराई जाते की नाही ते सोडा, पण मुहूर्त बरोबर साधलेला आहे. श्रावणी अमावास्या साधारण मघा-पूर्वा नक्षत्रात येते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातलं ओपीडीचं रजिस्टर सर्वात भराभर भरतं ते याच दिवसांत. तापाची, हगवणीची, झटक्यांची लेकरं एकाच बाकावर बसलेली असतात.

'पावसाळ्यात साथी येतात' एवढ्याने मात्र कोणाचं काही भागत नाही. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं गाव, गोंदियाकडचं धानाचं गाव आणि मेळघाटात धारणीच्या डोंगरातलं गाव, तिघांवर येणारा पावसाळा तोच असला तरी लेकरं वेगवेगळ्या रोगांनी आजारी पडतात. विदर्भाच्या पश्चिमेला काळी माती, पाऊस ७०० ते १००० मिलिमीटरच्या आसपास. पूर्वेला मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, धानाच्या बांध्या आणि जंगल, पाऊस १२०० ते १५०० च्या घरात. मेळघाटात पडलेलं पाणी तासाभरात उताराने निघून जातं. म्हणून गावाच्या रोगराईचा अंदाज बांधायचा तर पर्जन्यमापक पाहून पुरत नाही. पडलेलं पाणी थांबलं कुठे, ते पाहावं लागतं. विहिरीत, ड्रममध्ये, नाल्याच्या डबक्यात, बांधीत, की कुडाच्या भिंतीच्या भेगेत?

पहिली विहीर, कारण सर्वात आधी बिघडते ती.

उन्हाळाभर काळी जमीन उलते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस वरवरून वाहत नाही, या भेगांमधून सरळ खाली उतरतो. गावाच्या कडेला चार महिने जे साचलं, उघड्यावरची हागणदारी, उकिरडा, गोठ्याचं मूत, ते सगळं घेऊन तो उथळ विहिरीत आणि हातपंपाच्या ओट्याला तडा गेला असेल तर बोअरमध्येही पोचतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात हगवणीचे पेशंट वाढतात ते यामुळे. नळयोजनेच्या गावात वाट थोडी वेगळी. पाण्याला दाब नाही म्हणून घरोघरी खड्डा खणून नळ खाली घेतलेला असतो, कुणी टिल्लू पंप लावलेला असतो. पुरवठा बंद झाला की पाइपात ओढ तयार होते आणि खड्ड्यातलं, व्हॉल्व्हच्या चेंबरमधलं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. टाकीवर क्लोरीन बरोबर, शेवटच्या घरात मात्र शून्य, असं दिसलं की आधी गळती शोधा, पावडर वाढवू नका.

टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, हिशेब करून पाहण्यासारखा आहे. विहिरीतलं पाणी लिटरमध्ये काढायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५. चार मीटर व्यासाची विहीर घ्या. मे महिन्यात पाणी दीड मीटर, म्हणजे सुमारे १८,८०० लिटर. ऑगस्टमध्ये तीच विहीर सात मीटर भरते, सुमारे ८८,००० लिटर. चांगली, ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर हजार लिटरला २.५ ग्रॅम धरतात. मेमध्ये ४७ ग्रॅम, ऑगस्टमध्ये २२० ग्रॅम. आणि आपल्याकडे पद्धत काय, तर बारा महिने तीच ठरलेली वाटी. उन्हाळ्यात पुरेशी असलेली वाटी पावसाळ्यात चौथा हिस्सासुद्धा राहत नाही, त्यात पाणी गढूळ, म्हणजे क्लोरीन मातीतच खर्च होणार. गढूळ पाण्याला दुप्पटही लागते. गरज सर्वात जास्त तेव्हा मात्रा सर्वात कमी, असा हा उलटा कारभार आहे.

टाकण्याची रीतही नीट पाहा. पावडर कोरडी विहिरीत भिरकावली तर गोळे तळाशी जाऊन बसतात. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं निवू द्यायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं, ती दोराने पाण्याखाली सोडून वरखाली, आडवी-उभी हलवायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. पाणी भरायला किमान एक तास थांबायचं, त्यामुळे हे काम रात्री केलेलं बरं. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायचं. नळीत थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग दिसतो तो मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा मिनिटांनी गडद झालेला रंग दाखवून 'टेस्ट आली' म्हणणं ही फसवणूक आहे, बहुतेक वेळा स्वतःचीच. रंग आलाच नाही तर दोषी बहुधा पावडर असते. ग्रामपंचायतीच्या खोलीत, गळक्या टिनाखाली, तोंड उघडं राहिलेलं पोतं महिना-दोन महिन्यांत निम्मं मेलेलं असतं. पिशवी घट्ट बांधून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवायची आणि मृगाआधी नवा माल आणायचा.

खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण. बोअरचं पाणी आधीच खारट, त्यात क्लोरीनचा वास आला की लोक ते भांडी धुवायला ठेवतात आणि प्यायला शेतातल्या कुठल्यातरी 'गोड्या' विहिरीचं आणतात, जिच्यात टीसीएल कधीच पडत नाही. साथीच्या वेळी गावातल्या सार्वजनिक विहिरी तपासून भागत नाही ते यासाठी. लोक खरोखर पितात कुठलं, ते एखाद्या बाईला विचारा, रजिस्टरला नको.

हगवण लागली तर ओआरएस आणि झिंक, हे सगळ्यांना पाठ आहे, चुका मात्र त्यातच होतात. मोठं पाकीट एक लिटरला असतं, लहान पाकीट २०० मिलिलिटरला, म्हणून आधी पाकिटावरचं वाचायचं. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ-साखर इतकी दाट होते की जुलाब वाढतात. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला दर पातळ जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००, चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी संडास घट्ट झाली की गोळ्या बंद, ही हमखास होणारी गोष्ट. आणि मेडिकलमध्ये मिळणारी फळांच्या चवीची गोड डबी म्हणजे ओआरएस नव्हे.

धानपट्ट्यात याच दिवसांत रोवणी चालू असते. आई सकाळी सातला बांधीत उतरते ती संध्याकाळी निघते. सहा महिन्यांचं लेकरू आठ वर्षांच्या बहिणीकडे, दूध दिवसात दोनदा, मधल्या वेळात बाटली किंवा कालचं पेज. हवामानाचा परिणाम म्हटलं की लोकांना डास आठवतात, पण पाऊस पडला की मजुरी सुरू होते आणि अंगावरचं दूध कमी होतं, हाही त्याच पावसाचा परिणाम.

आता भिंत. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला, त्याला गावाचंच नाव पडलं. पुढे जवळपास चाळीस वर्षं तो फारसा कुणाच्या लक्षात नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ लेकरं सापडली, त्यातली १८३ दगावली, आणि त्याच वर्षी आपल्याकडेही तो दिसला. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा. तो पसरवते वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. डासाच्या चौथ्या हिश्शाएवढी, दोन-अडीच मिलिमीटरची, अंगावर केस, पंख इंग्रजी व्ही सारखे उभे, उडते म्हणण्यापेक्षा टुणटुण उड्या मारते. अंडी घालते ती साचलेल्या पाण्यात नव्हे. भेगाळलेली मातीची भिंत, गोठ्यातली ओलसर शेणमाती, पालापाचोळा, जिथे अंधार, ओल आणि कुजकं खाद्य आहे तिथे. मेच्या उन्हात कुडाची भिंत तडकते, मृग-आर्द्राच्या पावसाने त्या तड्यांत दमट गारवा येतो, आणि उमस वाढली की माशी बाहेर पडते. म्हणून हा आजार हगवणीच्या बरोबरीने, डेंग्यू-मलेरियाच्या आधी डोकं वर काढतो.

नाल्या वाहत्या करून वाळूमाशी कमी होत नाही. भेगा बुजवाव्या लागतात, त्याही पावसाआधी, रोहिणीतच. आतून-बाहेरून, जमिनीपासून सहा फुटांपर्यंत, माती-शेणाचा गिलावा आणि जमल्यास वर चुना. शेणाचा ढीग, पऱ्हाट्या-तुराट्यांचा भारा घराला चिकटून नको. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती आत येते, बारीक जाळीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी हवी. लेकराला भिंतीला लागून जमिनीवर झोपवण्यापेक्षा खाटेवर, भिंतीपासून दूर. पंख्याचा वारा तिला सोसत नाही, पण पावसाळ्यात रात्रीची लाइन किती वेळ असते ते आपल्याला ठाऊक आहे.

या आजारात वेळ फार थोडा मिळतो. सकाळी ताप, दुपारी उलट्या, रात्री झटके आणि बेशुद्धी, असं २४ ते ४८ तासांत होतं. विषाणूवर औषध नाही, पण झटके थांबवणं, श्वास आणि साखर सांभाळणं यावर जीव वाचतो. तापासोबत झटका आला की उपकेंद्रावर वाट पाहत बसायचं नाही, १०८ बोलवून सरळ मोठ्या दवाखान्यात. तोवर लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी काहीही घालू नका, कांदा नि जोडा हुंगवण्यात मिनिटं घालवू नका.

ड्रम हा पश्चिम विदर्भाचा प्रश्न. गंमत अशी की डेंग्यू पावसाच्या गावापेक्षा टंचाईच्या गावात आधी रुजतो. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, म्हणून प्रत्येक घरात दोन-तीन ड्रम, सिमेंटचा रांजण, मोरीतली टाकी. एडिस डास अंडी घालतो ती पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात. पाणी वर चढलं की फुटतात. त्यामुळे ड्रम नुसता उपडा केला तर कोरडा दिवस (पाण्याची सगळी भांडी कोरडी करायचा वार) पाळला असं होत नाही. आतली बाजू काथ्याने किंवा घासणीने खरवडून धुवायची. जमिनीत निम्मा गाडलेला रांजण उलटत नाही, त्यातलं पाणी उपसून तळ फडक्याने टिपून घ्यायचा. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा, वार ठरवून. दहाव्या दिवशी केलेली सफाई ही डासांच्या निरोपसमारंभाला जाण्यासारखी.

विदर्भाचं खास म्हणजे कूलर. जूनमध्ये गारवा आला की बटन बंद होतं, टाकीतलं दोन-तीन इंच पाणी तसंच राहतं आणि कूलर दिवाळीपर्यंत खिडकीत. त्यात पावसाचे शिंतोडे. टाकी रिकामी करून, खरवडून, पुसून, जुन्या ताट्या काढून टाकून मग कूलर बाजूला ठेवा. धुरळणीबद्दल एवढंच, की संध्याकाळी धूर उडवून फक्त त्या क्षणी उडणारे डास मरतात, आणि एडिस चावतो दिवसा. फोटो चांगले येतात.

मलेरियाचं गणित वेगळं, ते गडचिरोलीचं. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची या पट्ट्यात दोन जातींचे डास पाळी लावून काम करतात. पावसाळ्यातल्या डबक्यांत आणि बांध्यांत क्युलिसिफेसीस, पाऊस ओसरला की जंगलातल्या संथ, स्वच्छ वाहत्या नाल्यांत फ्लुविआटिलिस. म्हणून तिथे ताप दोनदा चढतो, एकदा जुलै-सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये. झड लागलेली असताना नाला अळ्या वाहून नेतो, पावसाने दडी मारली की नाला तुटून डबकी होतात आणि अळ्या फोफावतात. त्यामुळे तिथे झडीपेक्षा उघाडीची काळजी जास्त.

तापमान इथे थेट मोजता येतं. फाल्सीपेरम मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात पिकायला २८ अंशांना साधारण नऊ-दहा दिवस लागतात, २० अंशांना जवळजवळ चार आठवडे, आणि १६ च्या खाली तो पिकतच नाही. डासाचं आयुष्यच तेवढं नसतं, म्हणून कडक थंडीत साखळी तुटते. पावसाळ्यात मात्र अळी मोठी व्हायला आठ-दहा दिवस, जंतू पिकायला दहा, माणसात ताप यायला आणखी दहा-बारा. म्हणजे पावसाने पाणी साचल्यापासून पहिल्या नव्या तापापर्यंत एक महिना हातात असतो. मच्छरदाण्या वाटायच्या, फवारणी करायची, आशाताईंकडे रक्ततपासणीचे किट भरायचे ते या महिन्यात. ऑगस्टमध्ये फवारणीचं पथक गावात आलं तर ते साथीच्या मागून चाललेलं असतं. औषधी मच्छरदाणी वरचेवर धुवू नका, धुतली तर सावलीत वाळवा. पहिल्या अंधारात लेकरं अंगणात खेळत असतात आणि मच्छरदाणी नऊला खाली येते, हेही खरं.

याच भागात रस्ता तुटतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क जातो, म्हणून रेशनचं धान्य पावसाआधीच चार महिन्यांचं पोचवतात. औषधांनाही तोच नियम हवा. ओआरएस, झिंक, मलेरियाचं किट आणि गोळ्या मेअखेर आशाताईंच्या पेटीत मोजून असाव्यात. पावसाळ्यात हुकलेलं लसीकरणाचं सत्र पुढच्या महिन्यावर ढकलता येतं, निर्जलीकरण झालेलं लेकरू ढकलता येत नाही.

धानपट्ट्यात बांधीत थांबलेल्या पाण्यावर क्युलेक्स डास वाढतो आणि तो जपानी मेंदूज्वर पसरवतो. बगळा, डुक्कर आणि बांधी हे तीन जिथे जवळ, तिथे धोका. सगळा बांधभर डास कोणी मारू शकत नाही, त्यामुळे भरवसा लसीवर. ज्या जिल्ह्यांत ती आहे तिथे ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि १६ ते २४ महिन्यांत. डुकरांचे कोंडवाडे घरापासून लांब ठेवा.

पावसाळ्याच्या शेवटी गवत गुडघाभर झालं की स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने बरीच धावपळ उडवली. गवताच्या टोकावर बसलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी किड्याची पिल्लं अंगावर चढतात. बैल चारणारी, सांदवाडीत खेळणारी, झुडपात संडासला बसणारी पोट्टी सापडतात. चावल्यापासून ताप यायला दहा-बारा दिवस लागत असल्याने कोणी गवताचा संबंध जोडत नाही. ताप पाच दिवसांवर गेला, मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, तर लेकराचे सगळे कपडे काढून उजेडात अंग पाहा. काख, जांघ, कमरेच्या करदोड्याखाली, कानामागे, मानेवर केसांच्या रेषेत. बिडीचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग, न दुखणारा. म्हणून आईलाही तो माहीत नसतो. डाग नसला तरी आजार असू शकतो. डॉक्सीसायक्लीन किंवा अझिथ्रोमायसीन वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो, उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदू. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. या रोगाला धुरळणीचा काडीचा उपयोग नाही. घराभोवतीचं गवत कापा, लेकराला गवतावर उघडं बसवू नका, रानातून आल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात.

दिवाळीनंतर पाणी आटत जातं तसं संकट हवेत जातं. हिवाळ्यात रोटाव्हायरसची हगवण येते, तिच्यात विहिरीचा दोष कमी आणि हातांचा जास्त. तिची लस सहा, दहा, चौदा आठवड्यांना. गोवर हिवाळा ते होळी या काळात फिरतो आणि माणसांच्या वाटेने फिरतो. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात, गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरत असतो, त्यामुळे पुरळ दिसल्यावर घराला कडुलिंबाचा टहाळा बांधेपर्यंत तो चार घरं पुढे गेलेला असतो. 'माता आली' म्हणून दवाखाना टाळू नका, गोवरच्या लेकराला व्हिटॅमिन एचे दोन डोस लागतात, लागोपाठ दोन दिवस. परतलेल्या कुटुंबाचं लसीचं कार्ड होळीच्या आठवड्यातच पाहा, पुढच्या सत्रापर्यंत ती विटाभट्टीवर गेलेली असतात.

थंडीच्या रात्री दार-खिडकी बंद, आत चुलीचा धूर, एका खोलीत सहा जण, आणि बाहेर दहा अंशांच्या खाली पारा. न्यूमोनिया इथेच होतो. तो ओळखायला मशीन लागत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी करून दाखवले. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना. मोजताना लेकरू शांत किंवा झोपलेलं हवं, रडत असेल तर थांबायचं. कुंची, स्वेटर, दुपटं वर करून पोट उघडं पाहायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, लहान लेकराचा श्वास सारखा नसतो, मध्येच थांबतो, मध्येच पळतो.